भिकाजी पाष्टे आणि १९४४ सालचे माउंट

अर्जदाराचे नाव : भिकाजी दगडू पाष्टे. वय : एक्केचाळीस. राष्ट्रीयत्व : भारतीय. उंची : पाच फूट तीन इंच. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्याच्या नखावर उभी चीर. शिक्षण : इयत्ता नववी (अपूर्ण). वैवाहिक स्थिती : विवाहित, पत्नी देशाबाहेर. निवास परवान्यानुसार व्यवसाय : मदतनीस, सामान्य. कौशल्य : निरंक. अवलंबित व्यक्ती : निरंक.

हे वर्णन १९९६ साली दुबईत देऱ्यातल्या एका टायपिंग ऑफिसात मीच टाइप केलं. सरकारी रकान्यात जे मागितलं होतं तेवढं भरलं आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

कौशल्य निरंक असलेला हा इसम गुहागरकडचा. पंधराव्या वर्षी मुंबईला गेला आणि गिरगावात नौरोसजी नावाच्या म्हाताऱ्या पारशाच्या दुकानात लागला. तिथे मोजणीखात्याच्या दुर्बिणी दुरुस्तीला येत. इंग्रजी बनावटीच्या, पितळी, चाळीस-पन्नास वर्षं जुन्या. केसाएवढ्या तारा बदलायच्या, भिंगं बसवायची, झिजलेल्या स्क्रूजागी तसाच स्क्रू कातायचा. भिकाजीने हे अठरा वर्षं केलं. नौरोसजीने त्याला दोन गोष्टी शिकवल्या. एक, स्क्रू सैल असेल तर आवळायचा नाही, आधी तो सैल का झाला ते बघायचं. दुसरी, दुरुस्त करणाऱ्याने आपली खूण ठेवायची नाही. "यंत्र बनवनारानं आपलं नाव लिवलंय नी? मग तू कोन?" असं म्हातारा म्हणे. सर्टिफिकेट द्यायचं त्याला कधी सुचलं नाही, भिकाजीलाही मागायचं सुचलं नाही. मग म्हातारा वारला, दुकानाला कुलूप लागलं, आणि भिकाजी मदतनीसाच्या व्हिसावर शारजाला आला. ते साल १९८९.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात व्हिसावरच्या व्यवसायाचा माणसाशी संबंध असलाच पाहिजे असं काही नव्हतं. भिकाजी यंत्रांचे सुटे भाग कातणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होता, तिथला पॉलिशवाला जहूर सियालकोटचा. त्याच्या घराण्यात तीन पिढ्या डॉक्टरी कात्र्या-चिमटे बनवले जात. व्हिसावर तो शिंपी होता. "कैंची तो है ना हाथ में," तो म्हणे. जहूरला त्याचं काही वाटत नसे, कारण त्याची बायको सियालकोटात तीन मुलं आणि एका सासूसह बंदोबस्तात होती.

भिकाजीचं तसं नव्हतं. त्याच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. आधी तो मुंबईत, गाववाल्या पंधराजणांच्या खोलीत, आणि रंभा गावी. मग तो शारजात, आठजणांच्या खोलीत, आणि रंभा गावीच. गणपतीचे दिवस, शिमग्याचे दिवस, दोन वर्षांनी मिळणारी रजा, सगळं धरून दोघं एका छपराखाली साडेचारशे दिवस राहिली होती. हा हिशेब रंभाने केला होता. मूल नव्हतं. चिपळूणच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासून सांगितलं होतं की दोष कुणातच नाही, फक्त एकत्र राहा. औषध लिहून दिलं असतं तर भिकाजीने ते मिळेल तिथून आणलं असतं.

रंभाला शारजाला आणायचं तर फॅमिली व्हिसा लागणार, आणि मदतनीसाला बायको आणता येत नाही असा नियम होता. टेक्निशियनला आणता येते. वर्कशॉपचा कागदपत्रांचा माणूस उपेंद्र, मूळचा बेळगावचा. सगळ्या सरकारी खिडक्या त्याला नावाने ओळखत. त्याने भिकाजीला पंख्याखाली बसवून समजावलं.

"पगाराचं कागदावर काय तरी बसवता येतंय बघ. खोलीचं पण बसवता येतंय. प्रोफेशन बदलायला मात्र सर्टिफिकेट पायजे."

"काम बघितल्यावर नाय कळत का त्यांना?"

"खिडकीच्या पलीकडं काम बघत नाहीत रे बाबा, कागद बघतात."

रंभा तेव्हा चौतीस वर्षांची होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात अबू राशिद वर्कशॉपमध्ये आले. साठीचे, सडपातळ, पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यात, चालण्यात अजून कवायत. इंग्रजांच्या काळात इथे स्काउट्सची पलटण होती, तिच्यात ते तरुणपणी होते. त्या पिढीतल्या अरबांना हिंदी येते, कारण त्यांच्या लहानपणी बाजार म्हणजे मुंबई होती. त्यांनी गाडीतून गोधडीत गुंडाळलेली रायफल काढली, आणि तिच्याआधी पोलिसांच्या परवान्याची प्लॅस्टिकची फाइल. गोळी आत सारून झाडणारा बोल्ट घरी तिजोरीत होता, त्यामुळे ती रायफल म्हणजे लाकूड लावलेली नळी होती.

थ्री-नॉट-थ्री, १९४४ची. त्या काळी अशा काही निवडक रायफलींना डाव्या अंगाने दुर्बीण बसवत, नेमबाजांसाठी. युद्ध संपल्यावर कुणीतरी या रायफलीची दुर्बीण आणि ती धरणारं माउंट काढून विकलं, भोकं बुजवली आणि रायफल भंगारात गेली. अबू राशिदांनी ती लंडनमधल्या लिलावात घेतली. त्याच जातीची दुर्बीण दुसऱ्या लिलावात मिळाली. मधलं माउंट कुठेच मिळेना.

"सब लोग बोलता है, नया अल्युमिनियम का लगा दो," ते म्हणाले. "मैं बोला, दादा को जीन्स पहनाऊँ?"

भिकाजीने रायफल हातात घेतली नाही. आधी हात धुतले. मग टेबलाचा दिवा खाली ओढून बुजवलेली भोकं पाहिली. तीन पुढे, दोन मागे. एका भोकातली पुटी त्याने सुईने काढली आणि आत पाहत राहिला.

"क्या है?" जहूरने विचारलं.

"बी.ए.चा आटा हाय," भिकाजी म्हणाला. हिंदीत सांगायचं त्याच्या लक्षात आलं नाही. इंग्रजी दुर्बिणींच्या स्क्रूंना जे आटे असत, तेच हे. सात वर्षं मिलिमीटरचे आटे कातल्यावर गावचं माणूस भेटावं तसा त्याचा चेहरा झाला होता, असं जहूर मला नंतर म्हणाला.

काम ठरलं. मजुरीचं बोलणं निघालं तेव्हा उपेंद्र मध्ये पडला. त्याने अबू राशिदांना सांगितलं की या माणसाला पैशापेक्षा पत्र द्या. एवढं बारीक काम याने स्वतः केलं असं तुमच्यासारख्या माणसाने अरबीत लिहून शिक्का मारला, तर खिडकीवर ते सर्टिफिकेटच्या जागी चालवून घेईन, माझं मी बघतो.

अबू राशिदांनी छातीवर हात ठेवला. "खत? मैं खुद लिखेगा, इन्शाल्ला. पहले बना तो दे, हबीबी."

पुढचे सगळे शुक्रवार भिकाजीचे त्या कामात गेले. वर्कशॉप बंद असे, चावी त्याच्याकडे. अबू राशिदांच्या एका जुन्या इंग्रज अधिकाऱ्याने अस्सल माउंटचे फोटो आणि मापं टपालाने पाठवली होती. भिकाजीने ते फोटो नौरोसजीच्या दुकानातून आणलेल्या भिंगाखाली वाचले. 'वाचले' हाच शब्द बरोबर. मूळ माउंट बिडाचं होतं, म्हणून पोलादाचा ठोकळा कोरून काढणं त्याला मान्य नव्हतं. जहाजं बांधणाऱ्यांकडून सागाचा तुकडा आणून त्याने लाकडी साचा कोरला आणि गटारांची झाकणं ओतणाऱ्या भट्टीत माउंट ओतून घेतलं. पहिली दोन फुकट गेली. तिसरं बरं निघालं. बी.ए.चे आटे पाडायचे टॅप देऱ्यात एका इराण्याच्या जुन्या हत्यारांच्या ढिगात सापडले. "चाळीस दिरहम, म्हणजे चारशे रुपये," असं मोठ्याने म्हणून त्याने ते आनंदाने घेतले.

जहूरने पॉलिशला हात घातला तेव्हा भिकाजी ओरडला.

"नको, नको! मत चमकाओ!"

"अरे, कच्चा दिखता है."

"कच्चाच होता है. लढाई चालू थी. पॉलिश को टाइम किसको था?"

जिथे कारखान्याने कानस मारली होती तिथेच भिकाजीने मारली. जिथे ओतीव खरखरीत सोडलं होतं तिथे खरखरीत सोडलं. माउंट धरणाऱ्या दोन पट्ट्या रायफलीच्या अंगाला डाख देऊन, पाच स्क्रूंनी बसवल्या आणि स्क्रू फिरू नयेत म्हणून त्यांच्या कडा पंचाने दाबल्या, फोटोत होत्या तशाच, जराशा घाईने. मग रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून मागून नळीतून पाहिलं. बोल्ट नसल्याने आरपार दिसत होतं. दूरची पाण्याची टाकी नळीच्या बरोबर मधोमध. मग दुर्बिणीतून पाहिलं. तीच टाकी, तिच्यावरचा तोच गंजलेला जिना. एक गोळी न झाडता नेम जुळला होता.

जानेवारीत, रोजे सुरू व्हायच्या आठवड्यात, काम संपलं. संपलं असं जहूरला वाटलं. भिकाजीने पुन्हा तो फोटो बाहेर काढला. अस्सल माउंटवर एक गोष्ट होती जी अजून झाली नव्हती. प्रत्येक माउंट एकाच रायफलीचं असे, म्हणून त्याच्यावर त्या रायफलीचा नंबर हाताने ठोकत. एक अक्षर, पाच आकडे, ओळ थोडी तिरकी. हे कुणी सांगितलं नव्हतं. अबू राशिदांनी मागितलंही नव्हतं. पण नंबर नसलेलं माउंट म्हणजे टिकली न लावलेली नवरी, असं काहीतरी भिकाजी म्हणाला आणि ठसे घेऊन बसला. आकडे ठोकले, तिरके, शेवटचा सात जरा खोल गेलेला.

"अब अपना भी कुछ ठोक दे," जहूर म्हणाला. "अंदर की तरफ, कौन देखेगा? एक भ लगा दे. हमारे यहाँ तो कैंची पे दादा का नाम आता है."

"नहीं रे. अपना नहीं लगाते."

"कौन बोला?"

"शेठ बोला था."

"वो तो मर गया ना!"

"म्हणून काय झालं," भिकाजी म्हणाला. लाकडी साचा त्याने भट्टीवाल्याला जळणात देऊन टाकला होता.

अबू राशिदांनी रायफल पाहिली. मग त्यांनी भिकाजीला मिठी मारली. मदतनीस, सामान्य, या वर्गातल्या माणसाच्या बाबतीत हे नेहमी घडत नाही. पत्र ईदनंतर द्यायचं ठरलं. भिकाजीने गावच्या पोस्टाशेजारच्या दुकानात फोन करून रंभाला निरोप धाडला की पासपोर्टचे फोटो काढून घे.

ईदनंतरच्या शुक्रवारी अबू राशिदांनी त्याला घरी बोलावलं. बैठकीच्या लांबलचक दालनात पाहुणे होते, त्यांच्यात लंडनहून आलेला एक तज्ज्ञ. जुन्या शस्त्रांची पारख करून तो कागद देत असे. भिकाजी दाराजवळ बसला. त्याला कहवा मिळाला, मग खजूर, मग पुन्हा कहवा. तज्ज्ञाने डोळ्याला भिंग लावून माउंट पाहिलं. डाख पाहिला, स्क्रूंच्या दाबलेल्या कडा पाहिल्या, कानशीची दिशा पाहिली. शेवटी नंबर पाहिला आणि इंग्रजीत बरंच बोलला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. एकाने अबू राशिदांच्या खांद्यावर थाप मारली.

अबू राशिदांनी दाराकडे पाहिलं. मग स्वतःच भाषांतर केलं.

"बोलता है, ये असली है. ओरिजिनल. बोलता है, ये नंबर जिसने मारा, वो लड़ाई के टाइम का कारीगर है. आजकल ऐसा हाथ नहीं है."

भिकाजी हसला. हे त्याने मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना पुन्हा तसाच हसला. आयुष्यात त्याच्या कामाला जाणकाराने दिलेली ती पहिली आणि शेवटची दाद होती. तो म्हणाला, "मी उठून उभा राहनार व्हतो. मग म्हटलं, चारचौघांत त्यांचा पचका कशाला?"

तज्ज्ञाने तिथल्या तिथे कागद लिहून दिला. माउंट मूळचे, युद्धकालीन, रायफलीच्या नंबराशी जुळणारे.

पत्राचा मसुदा मी आधीच टाइप करून ठेवला होता. उपेंद्र तो घेऊन चारदा अबू राशिदांकडे गेला. अबू राशिद हा माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर पहिल्याच फेरीत नाही म्हणून मोकळा झाला असता. चौथ्या खेपेला भिकाजीही बरोबर होता.

"शूफ, देख, भिकाजी," अबू राशिद म्हणाले. "मैं लिखेगा तूने बनाया, तो वो कागज झूठा. वो कागज सच्चा, तो मेरा खत झूठा. मैं कौन सा झूठा कागज पे साइन करूँ?"

"पण साहेब, बनाया तो मैंने."

"मालूम है. अल्लाह को मालूम है. मेरे को मालूम है. वो सब लोगों को भी मालूम हो गया है, मगर दूसरा."

त्यांनी वेगळं पत्र दिलं. अरबीत, जाड कागदावर, शिक्क्यासह. भिकाजी हा सचोटीचा, नम्र आणि कष्टाळू मनुष्य आहे. वर एक मनगटी घड्याळ दिलं. उपेंद्रने पत्र वाचलं आणि घडी करून परत केलं.

"सचोटीचा असं प्रोफेशन यादीत नाही," तो म्हणाला.

भिकाजीने हार मानली नाही, किंवा मानायला वेळ लागला. त्याने दुसरं माउंट करायचं ठरवलं. साचा पुन्हा कोरला, पुन्हा ओतलं, पुन्हा कातलं. आठ शुक्रवार. ते फडक्यात गुंडाळून उपेंद्रच्या टेबलावर ठेवलं, की हेच खिडकीवर घेऊन चला, दाखवा माझा हात.

उपेंद्रने फडकं उघडलं आणि लगेच झाकलं.

"हे काय आणलंस?"

"माउंट."

"कशाचं?"

"बंदुकीचं."

"बंदूक कोणाची?"

"बंदूक नाय. नुसतं माउंट."

"म्हणजे बिनपरवान्याचा बंदुकीचा भाग घेऊन तू सरकारी ऑफिसात जाणार, आणि मी बनवला म्हणून सांगणार," उपेंद्र म्हणाला. "भिकाजी, त्यांना पटलं तर तू आत जाशील. नाही पटलं तर मदतनीस राहशील. पटू नये असंच म्हण."

त्या संध्याकाळी भिकाजीने ते माउंट शिकंज्यात धरून हॅक्सॉने कापलं. जहूरने विचारलं, मी कापू का? तो नको म्हणाला. सात तुकडे केले आणि भंगाराच्या पिंपात टाकले. काप सगळे काटकोनात होते, असं जहूर म्हणाला.

रंभाला सांगायला त्याने फोन केला तेव्हा मी शेजारच्या बूथमध्ये होतो. ती पोस्टाशेजारच्या दुकानात ओरडून बोलत होती, सगळं गाव ऐकत असणार, आणि तिचा आवाज फोनमधून बाहेर येत होता.

"फोटो काडून ठेवलेत वो! दोन डझन काडलेत! आनी तुमी सांगताव नाय व्हनार?"

"पत्र नाय मिळालं."

"तुमी केल्यात ना काम?"

"केलं."

"मग?"

भिकाजीने सगळं सांगितलं. त्या लंडनच्या तज्ज्ञाचंही सांगितलं, तो काय म्हणाला ते जरा सावकाश.

"त्या बंदुकीला ह्यांनी जोडीदार करून दिल्यान," रंभा कुणालातरी म्हणाली, बहुधा दुकानदाराला. मग फोनमध्ये : "आनी मी काय हाय वो? कपाटात ठेवलेली?"

"रंभा, ऐक तर..."

"ऐकतेच हाय. चौदा वर्सां ऐकतेच हाय."

त्यानंतर दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवसांची रजा. भिकाजीने पुन्हा अर्ज केला नाही. नौरोसजीच्या मुलाला पत्र लिहून बापाच्या नावाने सर्टिफिकेट मागावं असं मी सुचवलं होतं. मुलगा कॅनडात होता. उत्तर आलं, छान इंग्रजीत, की वडिलांच्या दुकानाचे कागद रद्दीत गेले आणि त्याला कोणी भिकाजी आठवत नाही, पण वडिलांची आठवण ठेवल्याबद्दल आभार.

२००१ साली शारजातल्या एका प्रदर्शनात अबू राशिदांचा संग्रह मांडला होता. भिकाजी, जहूर आणि मी शुक्रवारी गेलो. रायफल काचेच्या कपाटात होती. भिकाजी वाकून पाहू लागला तेव्हा पहारेकरी म्हणाला, "ग्लास को टच नहीं, भाई." भिकाजीने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तसाच वाकून पाहिलं.

"खाली काय लिवलंय?" त्याने मला विचारलं.

"मूळ माउंट. १९४४."

"कारखान्याचं नाव हाय?"

"आहे. बर्मिंगहॅमच्या कुठल्यातरी कारखान्याचं."

त्याने मान हलवली. जहूर मोठ्याने म्हणाला, "उस्ताद, तू तो पैदा होने से पहले ही बना के गया!" आणि एकटाच हसला. बाहेर आल्यावर तिघांनी चहा घेतला. पार्किंगमध्ये भिकाजी म्हणाला की शेवटचा सात जरा जास्तच खोल गेलाय, तेव्हाच हलका मारायला हवा होता.

२००४ साली वर्कशॉप बंद झालं. व्हिसा रद्द करायचा अर्जही माझ्याकडेच आला. भिकाजी समोरच्या खुर्चीत बसला होता, मनगटावर ते घड्याळ, मांडीवर रंभासाठी घेतलेली इस्त्री. मी जुना अर्ज समोर ठेवून रकाने भरले. वय सोडून काहीच बदलायचं नव्हतं. व्यवसाय : मदतनीस, सामान्य. कौशल्य : निरंक. अवलंबित व्यक्ती : निरंक. देश सोडण्याचे कारण : काम पूर्ण झाले.

"बरोबर हाय ना सगळं?" त्याने विचारलं आणि न वाचता सही केली.

रंभा तेव्हा बेचाळीस वर्षांची होती.